राहू दे वं, काय खाते थे?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून हे पत्र आलं. वहीची तीन पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. ओळख पटेल असं सगळं काढून मुद्द्यापुरतं देते.

ताई ४३ वर्षांच्या. लग्नाला २१ वर्षं झाली, तेव्हापासून याच कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, घरात. यंदा उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी झाली, होळी झाली की घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं आहे. अडलंय ते जुन्या सामानावर. गुरांच्या कोठ्यात मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, दमणी उभी आहे, बसायची बैलगाडी, एक चाक मोडलेलं. माळ्यावर पितळेचे दोन गुंड म्हणजे पाण्याच्या घागरी, एक कोपर म्हणजे कड्यांची परात, तीन गंज म्हणजे पातेली, आणि तांब्याचा बंब. खाली दळायचं जातं. बैलांच्या घागरमाळा आणि झुली आहेत, बैल मात्र पाच वर्षांपूर्वीच विकले. एक सागवानी पेटी, तिच्यात लुगडी आणि कागदांचं गाठोडं. मामाजी तीन वर्षांपूर्वी गेले. मामीजी, म्हणजे सासूबाई, ७६ वर्षांच्या, घरातच असतात.

पुढचं ताईंच्याच शब्दांत: "दिवाळी-दसऱ्याला चिंच लावून हे सगळं घासणारी मी. पुण्याचे दीर-जाऊ चार दिवस येतात, गुंडाजवळ उभे राहून फोटो काढतात आणि सांगून जातात, वहिनी, काही विकायचं नाही हं, बाबांची आठवण आहे. जाऊबाईला बंब पाहिजे, त्यात मनीप्लँट लावायचा आहे. नणंदबाई म्हणतात, कोपर आणि एक गुंड माझा, माहेरची खूण म्हणून. नेत मात्र कोणीच नाही. आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणतात, गाडगेबाबांजवळ काय होतं? एक गाडगं. देऊन टाक भंगारवाल्याला. एका रिसॉर्टवाल्यानं दमणी आणि जातं मिळून २६ हजार सांगितले आहेत. मामीजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, राहू दे वं, काय खाते थे? नव्या घरात माळा नाही, कोठाही पडणार. मला खरं सांगायचं तर ह्या वस्तूंबद्दल काहीच वाटत नाही. (पोराचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल सोडून. तो कुठं जात नाही.) मी कोरडी आहे का? आणि विकलं तर पाप लागेल का?"

ताई,

पापाचं आधी मिटवून टाकू. पितळ मोडीत घातल्यानं पाप लागत असतं तर आपल्या सासवा आणि त्यांच्या सासवा सगळ्या नरकात भेटल्या असत्या. आपल्या घरांतल्या मांडणीवर जर्मनचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे, गंज आले, मग स्टीलचे डबे आले, ते काही फुकट आले नाहीत. दारात आलेल्या भांडेवाल्याला पितळेचा एखादा जड तांब्या देऊन त्याच बायांनी ते घेतले, आणि हलकं भांडं हातात आल्यावर हुश्श केलं. तेव्हा त्यांना कोणी कोरड्या म्हटलं नाही.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते.

माझं सासर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिकडे विहिरीला पाणी असतं, पण ते खारट. प्यायचं गोड पाणी लांबून आणायचं, डोक्यावर. सासरे गेल्यावर गावचं घर आवरलं तेव्हा आमच्या वाट्याला एक मोठा पितळी हंडा आला. आम्ही तो अमरावतीला आणला, घासूनपुसून दारातच ठेवला, त्यात कागदाची फुलं खोचली. आलेल्या-गेलेल्याला कौतुकानं सांगायचं, आमच्या मामीजींचा हंडा. अकरा वर्षं तो तिथं होता. मग मामीजी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आल्या. पट्टी निघाल्यावर आठवड्याभरानं एक दिवस त्या म्हणाल्या, "हा हंडा इथून उचला बाप्पा. ह्यानं माही कंबर मोडली." मी म्हटलं, मामीजी, अहो तुमची आठवण म्हणून ठेवलाय. त्या म्हणाल्या, "मले इचारलं असतं त पहिल्याच दिवशी सांगतलं असतं."

मग त्यांनीच विचारलं, कुडव कुठं आहे? ढोलीतलं धान्य मोजून काढायचा लाकडी कुडव. त्यांच्या सासूनं लग्नानंतर नवव्या वर्षी तो त्यांच्या हातात दिला होता, म्हणजे आजपासून घरात काय शिजेल ते तू ठरवायचं. बाहेर किलो-लिटर येऊन जमाना झाला तरी त्या घरात दाणा कुडवानंच मोजत होत्या. आणि आम्ही घर आवरताना तो फुटक्या सुपाबरोबर चुलीत घातला होता. काळा पडलेला, काठाला चिरलेला, कोणाला काय ठाऊक?

हे सांगायचं कारण तुमचं पत्र. त्यात सगळे बोलतात. दीर बोलतात, जाऊ बोलते, नणंद बोलते, तुमचे हे बोलतात, अगदी रिसॉर्टवालाही भाव बोलतो. ज्यांनी ही भांडी पन्नासेक वर्षं हाताळली त्या मामीजींच्या वाट्याला तीन पानांत एक वाक्य आलं आहे. आणि तुम्ही ते वाक्य "विकू नका" असं धरलं आहे.

मला ते तसं वाटत नाही. "राहू दे वं, काय खाते थे", म्हणजे राहू दे गं, ते काय खायला मागतं, हे आपल्याकडच्या बाया कशालाही म्हणतात. म्हाताऱ्या गायीला म्हणतात, रिकामटेकड्या भाच्याला म्हणतात. त्यात "मला हे हवंय" असेल, "पोरापोरींत भांडण नको" असेल, किंवा "मला विचारून तुम्ही काय करणार आहात?" असंही असेल. अमरावतीला बसून मला ते कळणार नाही. तुम्हाला कळेल, पण उभ्या-उभ्या विचारून नाही. तुम्ही बहुतेक हातात झाडू असताना विचारलं असेल. मीही तसंच विचारलं असतं.

असं करून पाहा. माळ्यावरून एकच गुंड खाली काढा. एकच, सगळं एकदम नको. दुपारी मामीजी छपरीत बसल्या असतील तेव्हा त्यांच्यापुढे ठेवा आणि काठाखाली पाहा. जुन्या भांड्यावर बहुतेक नाव घातलेलं असतं. दुकानदार बारीक छिन्नीनं ठिपके ठोकून अक्षरं पाडायचा, त्याची टकटक अजून माझ्या कानात आहे. घासून घासून ते ठिपके बुजलेले असतात. त्यावर चिमूटभर पीठ चोळा आणि फडक्यानं वरवर पुसा, पीठ खळग्यांत अडकतं आणि अक्षरं पांढरी उठून दिसतात. कोणाची तरी लेक, कोणाकडून आहेर, कोणाच्या स्मरणार्थ, कुठली तारीख. मोठ्यानं वाचा. "तुमच्या काय आठवणी आहेत" असं विचारू नका, त्यावर "कायच्या आठवणी वं" एवढंच उत्तर येईल. हे कोणी दिलं, ह्यात काय शिजायचं, हा पोचा कशानं पडला, असं विचारा. पोच्याला हमखास गोष्ट असते. फोन शेजारी रेकॉर्डिंगवर ठेवून द्या आणि त्यांना तसं सांगा, चोरून नको. त्यांची बोली आहे तशी येऊ द्या. रोज एक वस्तू घेतलीत तर होळीच्या आत सगळ्यांची नावं लागतील.

जात्याच्या दिवशी जास्त वेळ ठेवा. मामीजी ७६ वर्षांच्या, म्हणजे गावात पिठाची चक्की येण्याआधीचं दळण त्यांनी केलेलं असण्याची शक्यता पुष्कळ. जात्यावरच्या ओव्या पाठ असल्याचं बाया आपणहून सांगत नाहीत, कारण त्या त्यांना "पाठ" नसतातच. खुंट्याला हात लागला की येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर ओव्या अशाच बायांच्या तोंडून गोळा केल्या, तरी तुमच्या मामीजींच्या ओव्या त्यात असतील असं नाही. तेव्हा रिसॉर्टवाल्याला जातं दमणीच्या जोडीनं देऊन टाकायची घाई नको. दमणी वेगळी, जातं वेगळं. तुमच्या गावात लग्नाच्या हळदीला अजून जातं लागतच असेल, आणि ते मागायला बाया कोणाच्या दारात येतात ते तुम्हाला माहीत आहे. नव्या घराच्या ओट्याच्या कोपऱ्यात ते बसवून घेता येईल.

ती ठिपक्यांची अक्षरं आणखी एका कामाची आहेत. भांड्यावर मामीजींच्या माहेरचं नाव निघालं तर ते आंदण, म्हणजे त्यांचं स्त्रीधन. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं त्यावर संपूर्ण मालकी त्यांची. त्या आहेत तोवर मुलगा, सून, लेक कोणाचाही त्यावर हक्क नाही. "बाबांची आठवण" तर ते नाहीच. बाकीचं, म्हणजे दमणी, घागरमाळा, मामाजींनी स्वतः घेतलेल्या वस्तू, त्यांचं मृत्युपत्र नसेल तर चौघांचं सारखं: मामीजी, दोन मुलगे आणि मुलगी. दमणीच्या पैशांत नणंदबाईंचाही चौथा हिस्सा येतो. कोपरासाठी कोणी कोर्टात जा म्हणत नाही मी. पण "वस्तू आमच्या घरात आहेत म्हणून आमच्या" हे गृहीत तुमच्याही पत्रात आहे आणि दिरांच्या बोलण्यातही आहे, ते आधी बाजूला ठेवावं लागेल.

नणंदबाईंबद्दल थोडं कडू लिहिते, रागावू नका. तुम्ही लिहिलंय, माहेरची खूण म्हणून कोपर मागतात, नेत मात्र नाहीत. मला एक विचारायचं आहे. शेताच्या कागदावर त्यांनी हक्कसोड लिहून दिली आहे का? आपल्याकडे भावाबहिणीचं प्रेम टिकावं म्हणून बहिणीनं सही करायची रीत आहे. साडीचोळी होते, जेवण होतं, आणि सातबारावरून तिचं नाव जातं. तशी सही त्यांनी केली असेल तर त्यांनी मागितलेल्या दीड वितीच्या कोपरावर आपल्याला कुरकुर करता येणार नाही. नेत का नाहीत? कदाचित सासरी ठेवायला जागा नसेल. कदाचित नेलं की माहेरात आपलं काहीच उरलं नाही, असं होईल. विचारा. उत्तर काहीही आलं तरी कोपर मामीजींच्या हातून त्यांना मिळावं, तुमच्या हातून नको. पुढचं बोलणं वाचेल.

दीर-जावेला मात्र तारीख द्या. होळीला या, मामीजी जे तुमच्या नावाचं म्हणतील ते गाडीत घालून न्या, न आल्यास पुढचं मामीजी ठरवतील. फोनवर नको, घरच्या ग्रुपवर लिहून टाका, म्हणजे "वहिनीनं परस्पर विकलं" हे ऐकावं लागणार नाही. मनीप्लँटचं वाचून मला हसू आलं, आधी थोडा रागही आला. नंतर वाटलं, बंब माळ्यावर काळा पडत राहण्यापेक्षा पुण्याच्या गॅलरीत रोज कोणाच्या नजरेपुढे असला तर काय वाईट? फक्त माती थेट बंबात भरू नका म्हणावं, कुंडी आत ठेवा. ओल्या मातीनं आतून डाग धरतो आणि झाळलेल्या जागा आधी सुटतात.

आता तुमचे हे. गाडगेबाबांचं नाव आपल्या भागात कोणीही, कशालाही घेतं. बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला लोकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःसाठी खोली ठेवली नाही, हे खरं. पण त्यांनी टाकलं ते आपलं स्वतःचं. दुसऱ्याचं सामान भंगारात देण्याला त्याग म्हणत नाहीत, साफसफाई म्हणतात. हे तुम्ही त्यांना ऐकवू नका, मी लिहिलंय असं सांगा. आणि त्यांच्या "देऊन टाक" मध्ये मला फक्त अडगळीचा कंटाळा ऐकू येत नाही. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की मामाजी तळेगाव दशासरच्या शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, दरवर्षी जायचे आणि लहानपणी ह्यांना दमणीत घालून न्यायचे. ज्या माणसाला बापाची मोडलेली दमणी रोज कोठ्यात जाता-येता दिसते, त्याला ती नजरेसमोरून जावी असं वाटू शकतं. कितीतरी पुरुष असंच करतात, आणि त्याला कचरा काढणं म्हणतात. खात्री नाही मला. पण सौदा व्हायच्या आधी एकदा त्यांना एकट्याला कोठ्यात पाठवा, चाक किती मोडलंय ते पाहून या म्हणावं.

दमणी विकण्यात मला काही गैर वाटत नाही. कोठा पडल्यावर ती उघड्यावर येईल, एक पावसाळा झेलेल, दुसऱ्या पावसाळ्यात आऱ्या सुटतील, मग उदई, म्हणजे वाळवी, लागेल. रिसॉर्टच्या फाटकाशी ती निदान अख्खी उभी राहील आणि पोरं तिच्यात चढून बसतील. पण २६ हजार हा पहिला बोललेला भाव आहे. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या होत्या, २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्रात पुन्हा परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये कोर्टानं कायदाच वैध ठरवला. तेव्हापासून पट पुन्हा भरतात, आणि जुन्या गाड्यांकडे, त्यांच्या साजाकडे पाहणारे डोळे वाढले आहेत. पटाची गाडी वेगळी आणि बसायची दमणी वेगळी हे मला माहीत आहे, तरी गावच्या सुताराला आणि पटाच्या एका-दोन माणसांना दाखवल्याशिवाय देऊ नका. लाकूड सागाचं आहे की बाभळीचं, लोखंडी धाव शाबूत आहे का, कणा सरळ आहे का, एवढं सुतार पाच मिनिटांत सांगेल. आणि रिसॉर्टवाला निघताना हमखास म्हणेल, घागरमाळा पण टाका ना सोबत, शोभेला. त्या द्यायच्या नाहीत. निदान मामाजींच्या आवडत्या जोडीच्या दोन तरी ठेवा. दमणी ठेवायला कोठा लागतो, घागरमाळेला एक खुंटी पुरते. आवाजही आहे तिला.

भंगारवाल्याला जे द्यायचं ठरेल त्याबद्दल दोनच गोष्टी. बंब तांब्याचा आहे, तांब्याचा भाव पितळेपेक्षा जास्त असतो, तेव्हा सगळं एका काट्यावर चढवू देऊ नका. एखादी जुनी थाळी किंवा वाटी काशाची असेल तर बोटानं वाजवून पाहा, कासं लांबवर घुमतं, पितळ लगेच थांबतं. घरी तोलून मगच दारात न्या, आणि जमल्यास गल्लीतल्या भोंग्याला देण्यापेक्षा तालुक्याच्या भांड्यांच्या दुकानात मोड म्हणून द्या. तिथं घट कापतात, पण तोंडावर बोलता येतं.

आणि सगळंच काढू नका. मामीजींना चालत असेल तर एक गुंड आणि एक गंज वापरात घ्या. माळ्यावरचं भांडं वर्षातून दोनदा घासायचं म्हणजे शिक्षा वाटते, रोजच्या वापरातलं आपोआप घासलं जातं. गुंडात पाणी भरा. गंजात डाळ-भाजी करायची तर आधी कल्हई करून घ्या, नाहीतर आंबट वरण, कढी, ताक कळकतं. पितळेतलं तांबं आंबटात उतरतं आणि पोटाला ते बरं नाही. कल्हईवाले आता कमी झालेत, पण तालुक्याच्या बाजारात विचारलं की सापडतात. पोराला घेऊन जा. तापलेल्या गंजात नवसागराची पूड पडते, पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी फिरते आणि कापसाच्या बोळ्याच्या एका हातासरशी काळं भांडं चांदीसारखं होतं. हे त्यानं एकदा बघायला हवं.

पेटीतली लुगडी. एखादं करवतकाठी टसरचं निघालं तर ते कापू नका, प्लास्टिकच्या पिशवीतही ठेवू नका. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, वर्षातून दोनदा घडी बदला, नाहीतर घडीवरच चिरतं. बाकीच्या सुती लुगड्यांच्या वाकळी शिवून घ्या आणि प्रत्येकाला एक द्या. पुण्याच्या जावेलाही. फोटो असतील तर लॅमिनेशन करायचं नाही, मागं पेन्सिलीनं नाव लिहायचं.

कागदांचं गाठोडं मात्र भंगारवाल्याच्या नजरेलाही पडू देऊ नका. वाचता न येणारी, एकमेकांत गुंतलेली, रेघेला लोंबकळणारी अक्षरं दिसली तर ती मोडी असेल. मोडीतले कागद मोडीत द्यायचे नाहीत. त्यात जमिनीची गहाणखतं असतात, वाटण्या असतात, कधी जात-पडताळणीला लागणारा पणजोबांचा दाखलाही त्यातच निघतो. नागपूरला सरकारचं अभिलेखागार आहे, मोडी वाचणारी माणसंही सापडतात. आणि घर पाडताना भिंतीत, जमिनीत पुरलेलं नाणं-दागिना काही निघालं तर गुपचूप वाटून घेऊ नका. १८७८ चा कायदा अजून लागू आहे, त्यात दहा रुपयांच्या वरचं गुप्तधन कलेक्टरला कळवावं लागतं. हसू नका, दहा रुपयेच लिहिलंय.

जाता जाता, घर पाडणाऱ्या ठेकेदाराशी काय बोलणं झालंय? बऱ्याचदा "पाडायची मजुरी नको, मलबा आमचा" असं ठरतं, आणि त्या मलब्यात सागवानी खांब, बल्ल्या, नक्षीची चौकट सगळं जातं. तुम्ही पितळेच्या गंजांसाठी रात्रभर जागाल आणि खरी किंमत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून जाईल. लाकूड कोणाचं ते आधी कागदावर घ्या. जुन्या घराची चौकट नव्या देवघराला बसते का, मिस्त्रीला विचारा. त्याच वेळी त्याला हेही सांगा की पुढच्या खोलीच्या भिंतीत एक कोनाडा सोड, हातभर रुंद, वीतभर खोल. विटांचं काम चालू असताना कोनाडा सोडायला काही लागत नाही. प्लास्टर झाल्यावर भिंत फोडावी लागते. मामीजी सांगतील ते त्यात ठेवा, आणि त्यात मावेल एवढंच ठेवा. जे ठरतच नाही ते एका पोत्यात बांधून शेजारच्या कोठ्यात वर्षभर राहू द्या. वास्तूच्या आधी सगळ्याचा निकाल लागलाच पाहिजे असं कोणी सांगितलं तुम्हाला?

राहिला तुमचा खरा प्रश्न, कोरडी आहे का. तुम्ही लिहिलंय काहीच वाटत नाही. पण कोणत्या गुंडाला कुठं पोचा आहे, कोपराची कुठली कडी ढिली आहे, बंबाची तोटी कुठल्या बाजूला गळते, हे त्या घरात तुमच्याइतकं कोणाला सांगता येईल? दिरांना येईल? त्यांच्या मनात सुट्टीतली भांडी आहेत, उन्हात चमकणारी. तुमच्या मनात चिंचेनं चिरलेली बोटं आहेत. ती पण आठवणच झाली, तिचे फोटो कोणी काढत नाही इतकंच. तिचा कंटाळा येणं साहजिक आहे. माझ्या सासूबाईंना हंड्याचा आला होता.

आणि तो कंसातला बैल. सगळ्या सामानाबद्दल सहा जणांना विचारत फिरलात, त्याच्याबद्दल कोणालाच विचारलं नाहीत. तुम्ही लिहिलंय की मामाजींनी तो गावच्या सुताराकडून सागाच्या तुकड्याचा करवून घेतला होता, नातू चालायला लागला त्या वर्षी. आता नातू कॉलेजात जाईल, तान्ह्या पोळ्याला घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मागत फिरायचं वय त्याचं गेलं. तरी तो बैल कुठं जात नाही, असं तुम्ही एका ओळीत ठरवून टाकलं. असं ठरवता येतं तुम्हाला. बाकीच्या सामानातही तुमच्यासाठी एखादी वस्तू असू शकेल, मामीजींची नाही, मामाजींची नाही, तुमची. पाहा. नसली तर नसली.

दमणीचं चाक बघायला सुतार येईल तेव्हा त्या बैलाची चाकंही त्याला दाखवा. बैल सागाचा असला तरी चाकं बहुतेक साध्या लाकडाची असतात, तीच आधी झिजतात. तुकडा दमणीचा निघाला तर त्यातूनच करून घ्या, रिसॉर्टवाला न्यायच्या आत.